कुलपाचे चिन्ह ही खऱ्या बँकेची खूण नव्हे

"पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसले की बँकेचे पान खरेच असते, अँटीव्हायरसने इशारा दिला तरी बिनधास्त पुढे जा," हा संदेश लातूर-परभणीकडच्या कौटुंबिक गटांत कित्येक वर्षे फिरत आहे. तो पटणे स्वाभाविकच आहे, कारण पूर्वी सर्वांना कुलूपच पाहायला सांगितले जात असे.

प्रत्यक्षात कुलूप एवढेच सांगते की आपला संगणक आणि ते संकेतस्थळ यांच्यातील मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडे बँक आहे की भामटा, हे त्यावरून कळत नाही. कुलूप दिसण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोणत्याही संकेतस्थळाच्या मालकाला काही मिनिटांत, अगदी फुकटही मिळते. हा गैरसमज इतका रुजला होता की क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच बदलले.

पडताळण्यासाठी पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेषेच्या (/) आधीचा भाग शेवटाकडून वाचावा. 'आपलीबँक.कॉम.खाते-तपासणी.इन' असे दिसले, तर ते पान 'खाते-तपासणी.इन' घेणाऱ्याचे असते, बँकेचे नव्हे. त्याच्या आधी बँकेचे नाव कोणालाही जोडता येते. अँटीव्हायरस मात्र फसव्या पत्त्यांच्या यादीशी तो पत्ता ताडून पाहतो, म्हणून त्याचा इशारा आल्यास पान बंद करावे आणि शाखेत विचारून वहीत लिहून ठेवलेला पत्ता स्वतः टाइप करावा.