भिंतीतला पिंपळ आणि दिवाणखान्यातला फायकस

जुन्या गोव्यातल्या एखाद्या पडक्या भिंतीकडे नीट बघा. चिऱ्यांच्या भेगेतून पिंपळाचं नाहीतर वडाचं रोप हमखास डोकावत असतं. पाखरानं फळ खाल्लं, विष्ठेतून बी भेगेत पडलं आणि रुजलं. तिथं माती चिमूटभर. दिवाळी सरली की मिरगापर्यंत पाण्याचे वांधे. तरी पानं तुकतुकीत, आणि मुळं अशी रुतलेली की चिरा फुटेल पण झाड निघणार नाही.

आता पर्वरीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये चला. दिवाणखान्यात महागड्या कुंडीत फिडल लीफ फिग उभा आहे. रोज सकाळी पेलाभर पाणी, महिन्याला खत, ओल्या फडक्यानं पुसलेली पानं. आणि ऐन जुलैत खालचं एकेक पान तपकिरी पडून गळायला लागतं. माझ्याकडचं पहिलं झाड असंच गेलं. कुंडी उपडी केली तेव्हा मुळं काळी, मऊ पडलेली होती आणि आंबूस वास येत होता. त्या दिवसापासून मी भिंतीतल्या पिंपळाकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो, कारण ही दोन्ही झाडं एकाच घराण्यातली आहेत.

फायकस हे ते घराणं. जगात त्याच्या साडेआठशेच्या आसपास जाती आहेत. वड, पिंपळ, उंबर, नांदरूक आपल्या रोजच्या ओळखीचे. घरात येतात ते मुख्यतः फिडल लीफ फिग, रबर प्लांट आणि बारीक, लोंबत्या पानांचा बेंजामिना. फिडल लीफ म्हणजे फायकस लायराटा. सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या पश्चिम आफ्रिकेतल्या वर्षावनांतला. ओट्टो वारबुर्ग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1894 साली त्याचं शास्त्रीय नाव नोंदवलं. कमरेत बारीक झालेलं, व्हायोलिनच्या आकाराचं त्याचं पान हातभर लांब होऊ शकतं. रबर प्लांट तर आपलाच. मेघालयातले मुळांचे जिवंत पूल याच झाडाच्या मुळांनी विणलेले आहेत. आणि आपण ज्याला दोरा गुंडाळतो तो वड अमेरिकेत ‘ऑड्री’ या नावानं कुंडीत घालून दिवाणखान्यासाठी विकला जातो, हे कळलं तेव्हा मला फार मौज वाटली.

या घराण्यातल्या कितीतरी झाडांची एक खोड आहे. त्यांचा जन्म जमिनीत होत नाही. लायराटाचं बी जंगलात बहुधा उंच झाडाच्या बेचक्यात पडतं, साचलेल्या पालापाचोळ्यात रुजतं, आणि मग मुळं आधाराच्या खोडाला कवटाळत खाली जमिनीकडे येतात. म्हणजे बालपण सगळं वाऱ्यावर. पाऊस येतो, मुळं चिंब होतात, पाणी निथळून जातं आणि मुळांना पुन्हा हवा लागते. भिंतीची भेग पिंपळाला मानवते ती याच कारणानं. कुंडीत नेमकी हीच हवा हरवते.

मुळांनाही श्वास लागतो, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात आणि मग बुरशीचं फावतं. ‘खाली भोक आहे की’ असं आपण म्हणतो, पण तेवढ्यानं भागत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात, म्हणून स्पंजच्या तळाशी ओल्याचिंब पट्ट्याची एक ठरावीक उंची राहतेच. कुंडीतल्या मातीचंही तसंच. त्यामुळे तळाला चिऱ्याचे तुकडे घालायची आपली जुनी सवय उपयोगाची नाही. ओला पट्टा त्या तुकड्यांच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. सुधारायची असते ती सगळी माती.

मी आपली तांबडी माती तिसरा हिस्साच घेतो. बाकी नदीची जाड वाळू, कोळशाचे तुकडे, थोडं गांडूळखत आणि नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. सोडणात क्षार असतात, म्हणून ते तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून घ्यायचे. पाणी द्यायचं ते तळातून वाहून जाईपर्यंत भरपूर, आणि मग बोटाची दोन पेरं कोरडी लागेपर्यंत थांबायचं. थाळीत साचलेलं पाणी ओतून टाका. ते मुळांना नको, आणि त्यात डेंग्यूचे डास होतात म्हणून तर नकोच नको.

इथं आपल्या हवामानाचा प्रश्न येतो. घरातल्या झाडांवरचे सल्ले बहुतेक थंड देशांतून येतात: हवा कोरडी असते, पानांवर फवारा मारा, हिवाळ्यात जपा. गोव्यात थंडीची भीती नाही. आपला अवघड काळ म्हणजे पावसाळा. वर्षाचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. हवाच पाण्यानं भरलेली, आभाळ झाकोळलेलं. अशा वेळी पानांतून बाष्प बाहेर पडणं मंदावतं, म्हणजे मुळांचं पाणी ओढणंही मंदावतं. मे महिन्यात चार दिवसांनी लागणारं पाणी जुलैत माझ्या झाडाला पंधरा दिवसही लागत नाही. लायराटाच्या कोवळ्या पानांवर याच दिवसांत तांबूस ठिपक्यांची नक्षी दिसते. बरेच जण रोग समजून औषध मारतात. मुळांनी चढवलेलं पाणी पानातून बाहेर पडायला वाट मिळत नाही, पेशी फुगून फुटतात, त्याच्या या खुणा. पाणी कमी करा. पुढची पानं स्वच्छ येतात.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळेच आपल्याला फसवतात. प्रकाश लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या आसपास असतो, खिडकीशेजारी एक-दोन हजार, आणि खोलीच्या आतल्या कोपऱ्यात शंभर-दोनशेच. डोळा बाहुली लहानमोठी करून जुळवून घेतो, म्हणून कोपराही आपल्याला लख्ख वाटतो. झाड मात्र तिथं उपाशी असतं. पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी सर्वांत चांगली. पश्चिमेचं एप्रिलमधलं ऊन काचेतून पानं भाजून काढतं.

चवथीच्या आधी घराची साफसफाई निघते, मखराला जागा हवी म्हणून खिडकीतलं झाड उचलून आत ठेवलं जातं, आणि महिनाभरात अर्धी पानं जमिनीवर येतात. बेंजामिना तर यासाठी बदनामच आहे. उन्हात वाढलेलं पान जाड असतं. त्याला पोसायचा खर्च मंद उजेडात झाडाला परवडत नाही. मग देठाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि पान हिरवं असतानाच सुटतं. फ्लोरिडातल्या संशोधकांनी 1970च्या दशकातच दाखवलं होतं की विक्रीआधी झाडं काही आठवडे सावलीत ठेवली तर ही गळ बरीच कमी होते. म्हणून झाड हलवायचंच असेल तर टप्प्याटप्प्यानं हलवा. आणि पानं गळाली म्हणून घाबरून जास्त पाणी घालू नका. कमी पानांच्या झाडाला पाणीही कमीच लागतं.

कीड फार नाही. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड, दिसले तर साबणाच्या पाण्यानं पुसा, मग कडुलिंबाचं तेल. मुंग्या चढताना दिसल्या तर पानांच्या मागची बाजू तपासा, कारण त्या किडीच्या गोड स्रावासाठीच येतात.

हवा शुद्ध करणारं झाड म्हणून फायकस विकत घेणार असाल तर थोडं थांबा. हा समज ज्यावरून पसरला तो 1989चा नासाचा प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला गेला, तेव्हा नुसत्या वाऱ्याच्या येण्याजाण्याची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील असं निघालं. खिडकी उघडलेली बरी. झाड ठेवायचं ते त्या झाडासाठी.

छाटणी करताना पांढरा चीक येतो. तो कातडीला खाजवतो, डोळ्यांना आणि मांजराच्या पोटाला वाईट. शेंडा खुडला की वरून खाली येणारं ऑक्सिन हे संप्रेरक थांबतं आणि खोडावरचे खालचे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात, म्हणून एकसुरी काठीसारखं वाढलेलं झाड जूनच्या सुरुवातीला खुडा. खुडण्याआधी त्याच शेंड्यावर गुटी बांधली, म्हणजे साल काढून तिथं ओलं शेवाळ गुंडाळून मुळं फुटू दिली, तर आणखी एक रोप हाती येतं. नुसतं पान पाण्यात ठेवू नका. त्याला मुळं फुटतील, पण देठाशी डोळा नसेल तर खोड कधीच फुटणार नाही.

छताला टेकलेलं झाड परसात लावायचा मोह होतो. लायराटा जमिनीत बारा-पंधरा मीटरपर्यंत जातो, रबर त्याहून कितीतरी उंच. विहिरीचा कठडा, सेप्टिक टाकी, कुंपणाची चिऱ्याची भिंत, यांपासून ते दूर लावा. भेग कुठं आहे हे त्या मुळांना बरोबर सापडतं.