खुराक आणि ईर्षा

पहाटे पाचच्या सुमाराला कोल्हापूरच्या तालमीत पाऊल टाकले, की हळद, ताक, लिंबू आणि तेल मुरलेल्या लाल मातीचा वास प्रथम येतो आणि मग दिसतात ती घर सोडून आलेली तेरा-चौदा-पंधरा वर्षांची मुले. जोर-बैठका आणि लढती झाल्यावर हीच मुले कुंडीत बदाम घोटून थंडाई करतात, आळीपाळीने चूल सांभाळतात आणि मग शाळेला जातात. मात्र निवड चाचणीला आठवडा उरला, की खालच्या वजनगटात बसावे म्हणून यातलाच एखादा मुलगा भर उन्हात दोन स्वेटरांवर प्लास्टिकचा रेनकोट चढवून धावताना दिसतो. तो पाणी तोडतो, रात्रीचे जेवण सोडतो आणि वजनकाट्यावर उभे राहण्यापूर्वी शेवटचे काही ग्रॅम कमी व्हावेत म्हणून बाटलीत थुंकत बसतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो सरावात ढिला पडला, की बाजूला उभे असलेले कोणीतरी म्हणते, ‘पोराला ईर्षाच राहिली नाही.’ ईर्षा म्हणजे इथे जिंकण्याची जिद्द. हा लेख त्या वाक्याविषयी आहे, कारण माझ्या मते बहुतेक वेळा ते वाक्य चुकीचे असते.

भूक आणि उमेद यांचा संबंध किती जवळचा आहे, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात स्पष्टपणे दिसून आले. अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर, म्हणजे दिवसाला साधारण १,६०० कॅलरींवर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. पण स्वेच्छेने आलेली ही उत्साही मुले हळूहळू चिडचिडी, उदास आणि कशातच रस नसलेली झाली. अभ्यास मागे पडला, गप्पा थांबल्या आणि मनात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले. त्यांच्या स्वभावात काही खोट नव्हती. इंधन अपुरे पडले, की मेंदू उत्साहावरचा खर्च कमी करतो, आणि पंधरा वर्षांच्या पठ्ठ्याचा मेंदूही तेच करतो.

क्रीडाशास्त्रात याचे एक सोपे गणित मांडले जाते. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामात खर्च झालेल्या कॅलरी वजा केल्या, की जे उरते त्यावर शरीराला बाकीचा सगळा संसार चालवायचा असतो: हृदय, मेंदू, हाडे, रक्त, संप्रेरके, रोगप्रतिकार. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे ही शिल्लक दिवसाला सुमारे ४५ कॅलरी असावी आणि ती ३० च्या खाली गेली, की बिघाडाचा धोका वाढतो, असे साधारणपणे मानतात. पन्नास किलोंच्या मुलाचे चरबीविरहित वजन ४४ किलो धरले आणि सकाळ-संध्याकाळच्या मेहनतीत त्याच्या ७०० कॅलरी जातात असे मानले, तर त्याला दिवसाला जवळपास २,७०० कॅलरी लागतात. त्यातही हे आकडे प्रामुख्याने प्रौढांच्या अभ्यासांवर बेतलेले आहेत. ज्याची उंची अजून वाढते आहे, त्याला वाढीसाठीही वेगळे द्यावे लागते. दोन चपात्या आणि एक ग्लास दूध यांवर ‘वजन धरून’ राहणारा मुलगा या हिशेबात कुठे बसतो, हे सांगायला नको.

आठवडाभरात उतरवलेले वजन चरबीचे असते, हाही एक घट्ट गैरसमज आहे. स्नायूंमध्ये पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेले असतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. उपास केला, की हा साठा आणि त्यासोबतचे पाणी आधी जाते, काटा खाली येतो आणि सगळे खूश होतात. परंतु सहा मिनिटांच्या कुस्तीत झटका मारायला लागणारे इंधन नेमके तेच असते. घाम काढून केलेली घट तर त्याहून घातक. १९९७ मध्ये सुमारे महिनाभरात अमेरिकेतील तीन विद्यापीठीय कुस्तीगीर अशाच प्रकारे वजन उतरवताना दगावले. त्यानंतर तेथे रबरी पोशाख आणि उष्ण खोल्यांवर बंदी आली आणि शरीरातले पाणी तपासूनच खेळाडूचा किमान वजनगट ठरवला जाऊ लागला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ती अनुभवी होती आणि सोबत तज्ज्ञांचा ताफा होता. तालमीतल्या मुलासोबत बहुधा कोणीच नसते.

मुलींच्या बाबतीत मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते, कारण आता गावोगावी मुली मॅटवर उतरत आहेत. ऊर्जा अपुरी पडली, की पाळी अनियमित होते किंवा बंद पडते, आणि ‘सरावाला बरेच झाले’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. ती धोक्याची घंटा असते. हाडांची बहुतांश घनता विशीच्या आतच भरून निघते आणि त्या काळात इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी राहिले, तर ती उणीव पुढे सहज भरून येत नाही. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मुलीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची क्षमताच कमी आहे, तिला दम लागतो म्हणून मैदानाला आणखी दोन फेऱ्या मारायला लावणे हा अन्याय आहे. तिची हिमोग्लोबिनची चाचणी आधी करावी.

खुराकाचे म्हणाल, तर आपली जुनी परंपरा टाकाऊ मुळीच नाही. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम बदामांतून सहा ग्रॅम प्रथिने आणि उत्तम चरबी मिळते. अडचण आहे ती बदाम आणि तुपावर सगळी भिस्त ठेवून भात-भाकरीला शत्रू मानण्यात. जोरकस मेहनतीचे इंधन भात, भाकरी, केळी आणि गुळातूनच येते. मेहनत करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आपल्या पन्नास किलोंच्या मुलाला किमान ६० ग्रॅम. अर्धा लिटर दूध, दोन अंडी, वाटीभर मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि तीन भाकरी एवढ्यात तो या आकड्याच्या आसपास पोहोचतो. महागड्या पावडरीच्या डब्याची त्याला गरज नाही, आणि अशा डब्यांत लेबलवर न लिहिलेले निषिद्ध पदार्थ सापडल्याची उदाहरणे असताना तर मुळीच नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळले, की त्यातले लोह अधिक शोषले जाते आणि जेवणाला लागून चहा घेतला, की कमी.

पोट भरले म्हणजे ईर्षा आपोआप येते, असेही नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाची आतली ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: आपल्या निर्णयात आपला वाटा, आपण सुधारतो आहोत याची प्रचिती आणि आपल्या माणसांची सोबत. तालमीत सोबत भरपूर मिळते. वाटा मात्र क्वचितच मिळतो. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेल्या बालवाडीतील मुलांनी नंतर मोकळ्या वेळेत इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढली. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नाही. जत्रेतल्या बक्षिसावर याचा दोष मी ठेवणार नाही, त्या पैशांवर कित्येकांचा खुराक चालतो. पण रोज सकाळचा पहिला प्रश्न ‘वजन किती?’ हाच असेल, तर मुलाच्या लेखी कुस्ती म्हणजे काटाच उरतो. त्याऐवजी झोप किती झाली, रात्री काय जेवलास आणि काल शिकवलेला डाव कुठे अडला, हे विचारणारे वस्ताद मी पाहिले आहेत. त्यांची मुले दुखणे लपवत नाहीत.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात खेळून सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याच्या वरच्या बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. त्या यशाची कारणे अनेक आहेत आणि गट बदलला म्हणून पदक आले असे कोणी म्हणणार नाही. परंतु गट वाढला म्हणजे पठ्ठ्या मागे पडला, ही समजूत तरी त्यातून सुटायला हरकत नसावी. हंगाम सुरू होण्यापूर्वी वस्ताद, पालक आणि स्वतः मुलगा यांनी एकत्र बसून गट ठरवावा आणि त्यासाठी तालमीच्या भिंतीवर पेन्सिलीने दर महिन्याला उंचीची खूण करावी. सहा महिन्यांत जी खूण तीन बोटे वर सरकली आहे, तिच्यासमोर उभ्या असलेल्या मुलाला गेल्या वर्षीच्या गटात बसवता येत नाही.