कॅमेरा हरवल्यावर नवा घेताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कॅमेरा हरवल्यावर आमच्याकडे येणारे ग्राहक साधारण दोनपैकी एक गोष्ट मागतात. ‘तोच द्या’ किंवा ‘त्याच्यापेक्षा चांगला द्या’. पहिली मागणी पुरी करणं अनेकदा अवघड असतं, कारण काही वर्षांपूर्वीचं मॉडेल कंपनीने बंद केलेलं असतं. दुसरी पुरी करणं फार सोपं, आणि पैसे वाया जातात ते तिथेच. कशासाठी चांगला हवा, हे ठरलेलं नसताना घेतलेला महागडा कॅमेरा बहुधा कपाटातच राहतो.

आमचा आग्रह एवढाच, की हरवलेल्या कॅमेऱ्यामागे काय उरलंय ते आधी बघा. बॉडी (लेन्स सोडून बाकीचा कॅमेरा) गेली तरी घरी एखादी लेन्स असते, चार्जर असतो, जादा बॅटरी, एक-दोन कार्डं असतात आणि कॉम्प्युटरवर त्याच कॅमेऱ्याने काढलेले ढीगभर फोटो असतात. पुढचा कॅमेरा कोणता, हे त्या सामानावरून ठरवावं. जाहिराती नंतर बघता येतात.

आधी हरवलेल्याची व्यवस्था

मोबाइल हरवला तर त्याच्या आयएमईआय नंबरावरून तो नेटवर्कवर बंद करता येतो. कॅमेऱ्यात सिमकार्डच नाही, त्यामुळे ती सोय नाही. कॅमेऱ्याची ओळख म्हणजे त्याचा सिरियल नंबर. तो बहुतेक मॉडेल्सच्या तळाला किंवा उघडणाऱ्या स्क्रीनच्या मागे असतो आणि खोक्यावरच्या स्टिकरवर, वॉरंटी कार्डावरही छापलेला असतो. पोलिसांत तक्रार देताना, विम्याचा दावा करताना हाच नंबर लागतो.

खोका टाकून दिला असेल, बिल सापडत नसेल, तरी हताश होऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये सिरियल नंबर आपोआप लिहिला जातो. कार्डावरून थेट उतरवलेली मूळ फाइल मात्र हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीत ही माहिती उरलेली नसते. कॉम्प्युटरच्या साध्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये नंबर दिसेलच असं नाही, एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्रॅम फाइलमध्ये असलेलं सगळं दाखवतो. ते जमत नसेल तर फाइल पेनड्राइव्हवर घेऊन या, आम्ही बघून देऊ.

विम्याच्या कागदात ‘चोरी’ आणि ‘गहाळ होणे’ या वेगळ्या गोष्टी असू शकतात. दावा लिहिण्याआधी ते कलम वाचा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कॅमेरा घरच्या वायफायला जोडलेला होता का? असेल तर त्यात तुमचा पासवर्ड साठवलेला आहे. तो बदला. कंपनीच्या क्लाउड खात्याशी कॅमेरा जोडलेला असेल तर त्या खात्यातून तो काढून टाका. आतल्या कार्डाला मात्र कुलूप नसतं. ते रीडरमध्ये घातलं की कुणालाही फोटो दिसतात. एखाद्या कागदपत्राचा फोटो त्यावर होता का, हे आठवून बघा.

जुने फोटो काय सांगतात

हा या पत्रकातला सगळ्यात कामाचा भाग, म्हणून थोडं सविस्तर.

फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेन्थ (लेन्सचा पल्ला, मिलीमीटरमध्ये), अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं), शटर स्पीड (उजेड आत घेण्याचा वेळ) आणि आयएसओ (उजेड कमी असला की वाढवायची संवेदनशीलता) यांची नोंद असते. लाइटरूम किंवा मोफत मिळणाऱ्या डिजिकॅमसारख्या प्रोग्रॅममध्ये या नोंदींवरून फोटो चाळता येतात. शेवटच्या वर्षा-दोन वर्षांतले, तुम्हाला स्वतःला आवडलेले फोटोच घ्या. आवडलेलेच का? कारण नुसते काढलेले फोटो सवय दाखवतात, आवडलेले फोटो गरज दाखवतात.

झूम लेन्सच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे ५५ किंवा २०० मिलीमीटरवर गर्दी दिसली, तर तुम्हाला आणखी लांबचं टिपायचं होतं. अशा वेळी बॉडीपेक्षा लांब पल्ल्याच्या लेन्सवर खर्च करा. सगळे फोटो १८ मिलीमीटरच्या आसपास असतील तर ती लांब पल्ल्याची लेन्स विकत घेऊन तुम्ही करणार काय?

आयएसओचा आकडा ३२०० आणि ६४०० च्या घरात वारंवार दिसत असेल तर तुमचं बरंचसं काम कमी उजेडातलं आहे. इथे ग्राहक म्हणतात, ‘मग फुल-फ्रेम घेतो’. फुल-फ्रेम म्हणजे मोठा सेन्सर, म्हणजेच उजेड टिपणारा भाग मोठा. जरा हिशेब करू. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलीमीटरचा, तर एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलीमीटरचा. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणजे फायदा एका स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) किंचित अधिक. आता लेन्सकडे बघा. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स, म्हणजे किट लेन्स, झूम केल्यावर एफ ५.६ पर्यंतच उघडते. साधी ५० मिलीमीटर, एफ १.८ लेन्स त्याच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ही एक लेन्स लावल्याने जेवढा फरक पडेल, तेवढा किट लेन्स लावलेल्या फुल-फ्रेमने पडणार नाही. आम्ही दोन्ही विकतो; तरी हे सांगतोय.

मुलांचे, नाचाचे, खेळाचे फोटो हललेले असतील तर शटर स्पीड बघा. १/३० सेकंद असेल तर दोष कॅमेऱ्याचा नाही. नव्या बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचं थरथरणं सावरतं, धावणाऱ्या मुलाला थांबवत नाही. त्याला वेगवान शटरच लागतं. नव्या कॅमेऱ्यांची खरी कमाल दुसरीकडे आहे: डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणं. जुन्या कॅमेऱ्यात तुमचे फोटो फोकस चुकल्यामुळे वाया जात असतील, तर नव्या बॉडीचा फायदा पहिल्याच दिवशी जाणवेल.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात. १२ वरून २४ वर गेलात तर फोटोची रुंदी दुप्पट होत नाही, १.४ पट होते. ए-४ आकाराचा उत्तम प्रिंट, इंचाला ३०० ठिपके धरले तरी, २४८० बाय ३५०८ पिक्सेलमध्ये होतो. म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलही लागत नाहीत. पक्ष्यांचे फोटो काढून नंतर मोठं क्रॉपिंग (कडा कापून हवा तेवढाच भाग ठेवणं) करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

उरलेल्या लेन्सचं काय

लेन्स बॉडीला जिथे बसते त्या कड्याला माउंट म्हणतात आणि सहसा दर कंपनीचं माउंट वेगळं. शिवाय डीएसएलआरमधून (आत आरसा असलेला कॅमेरा) मिररलेसकडे (बिनआरशाचा कॅमेरा) जाताना कंपन्यांनी स्वतःचंही माउंट बदललं. कॅननचं ईएफ माउंट १९८७ पासूनचं; मिररलेससाठी २०१८ मध्ये आरएफ आलं. निकॉनचं एफ माउंट तर १९५९ पासूनचं, त्याच्या जागी २०१८ मध्येच झेड आलं. त्यामुळे ‘माझ्याकडे कॅननची लेन्स आहे, कॅननची बॉडी द्या’ एवढं पुरत नाही.

दिलासा असा, की जुनी लेन्स नव्या बॉडीवर अ‍ॅडॉप्टरने बसते. डीएसएलआरमध्ये आरशासाठी जागा लागायची, म्हणून माउंट आणि सेन्सर यांच्यात ईएफला ४४ आणि निकॉन एफला ४६.५ मिलीमीटर अंतर होतं. आरसा गेला आणि हे अंतर आरएफला २०, झेडला १६ मिलीमीटरवर आलं. मधली मोकळी जागा भरून काढणारी नळी, तोच अ‍ॅडॉप्टर. उलटं मात्र जमत नाही. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर वापरता येणार नाही.

कॅननच्या अ‍ॅडॉप्टरवर ईएफ आणि ईएफ-एस (लहान सेन्सरसाठीच्या) दोन्ही लेन्स ऑटोफोकससह चालतात. निकॉनवाल्यांनी नीट बघायला हवं. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस मिळतो तो ज्यांच्या आत स्वतःची मोटर आहे अशा लेन्सना, म्हणजे एएफ-एस आणि एएफ-पी. जुन्या एएफ-डी लेन्स बसतात, पण फोकस हाताने फिरवून करावा लागतो. लेन्सच्या कड्यावर ही अक्षरं असतात. फोनवर वाचून दाखवलीत तरी आम्ही सांगू.

लहान सेन्सरसाठी बनवलेली लेन्स फुल-फ्रेमवर लावली तर कॅमेरा फक्त मधला तुकडा वापरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेमवर मग जेमतेम १० उरतात. आपण फुल-फ्रेमचे पैसे मोजून ते वापरतच नाही, असं होतं.

घरी उरलेली लेन्स फक्त किटमधली १८-५५ असेल तर तिच्यासाठी अ‍ॅडॉप्टर घेऊ नका. एखादी चांगली टेलिफोटो (लांबचं टिपणारी) किंवा मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) असेल तर जरूर घ्या. आणि बॅगेबरोबर सगळंच गेलं असेल, तर वाईट झालं खरं, पण आता तुम्ही कोणत्याही कंपनीला बांधलेले नाही. अशा वेळी आधी हवी ती लेन्स निवडा, ती ज्या माउंटवर आहे त्यातली बॉडी मग घ्या. बॉडी काही वर्षांनी बदलाल, लेन्स तुमच्याकडे जास्त टिकेल.

सेकंड-हँड घेताना

वापरलेली बॉडी घेण्यात कमीपणा नाही. मेकॅनिकल शटरची चाचणी साधारण लाख-दोन लाख क्लिकपर्यंत केलेली असते, तेव्हा शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झाले) विचारा. अ‍ॅपर्चर एफ १६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. आणि बिल, खोका, सिरियल नंबर जुळवून बघितल्याशिवाय घेऊ नका. समोरचा कॅमेरा दुसऱ्या कुणाचा हरवलेला असू शकतो, हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

बॅटऱ्या, कार्डं आणि कॉम्प्युटर

त्याच कंपनीची बॉडी घेत असाल तर जुनी बॅटरी चालते का ते बघा. कॅननच्या एलपी-ई६ घराण्यातल्या आणि निकॉनच्या ईएन-ईएल१५ घराण्यातल्या बॅटऱ्या अनेक नव्या बॉडींत चालतात. मात्र मूळ ईएन-ईएल१५ कॅमेऱ्यातच यूएसबीने चार्ज होत नाही, म्हणून जुना चार्जर टाकू नका. तसंही काही नव्या कॅमेऱ्यांबरोबर वेगळा चार्जर मिळत नाही. मिररलेसची स्क्रीन किंवा व्ह्यूफाइंडर सतत चालू असतो, त्यामुळे डीएसएलआरची सवय असलेल्यांना बॅटरी फार लवकर संपतेय असं वाटतं. कॅमेरा बिघडलेला नसतो. जादा बॅटरी बाळगावी लागते.

जुनी एसडी कार्डं एसडी स्लॉट असलेल्या नव्या कॅमेऱ्यात बहुधा चालतात; व्हिडिओत अडखळतात. कार्डावर व्ही३० लिहिलं असेल तर ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं. घरगुती फोर-के व्हिडिओला तेवढं सहसा पुरतं. सीएफएक्स्प्रेस हा कार्डाचा वेगळाच प्रकार आहे, त्याला रीडरही वेगळा लागतो.

रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार: ‘नव्या कॅमेऱ्याच्या फाइल उघडतच नाहीत.’ नव्या मॉडेलची रॉ फाइल वाचायला नवं सॉफ्टवेअर लागतं. जुनंच ठेवायचं असेल तर अडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून फाइल डीएनजी प्रकारात बदलून घ्या.

पहिल्याच दिवशी

तारीख-वेळ लावा. मेनूत कॉपीराइट किंवा मालकाचं नाव लिहायची जागा असते, ती भरा. तुमचं नाव प्रत्येक फोटोत जाईल. सिरियल नंबरचा मोबाइलने फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. एका चिठ्ठीवर नाव आणि संपर्क लिहा, कार्ड फॉरमॅट करा आणि पहिला फोटो त्या चिठ्ठीचा काढून तो प्रोटेक्ट (चुकून डिलीट होऊ नये म्हणून लॉक) करून ठेवा. कॅमेरा प्रामाणिक माणसाच्या हाती लागला, तर तुम्हाला शोधायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. प्रत्येक वेळी कार्ड फॉरमॅट केल्यावर हा फोटो पुन्हा काढावा लागतो, कारण फॉरमॅटमध्ये प्रोटेक्ट केलेले फोटोही पुसले जातात.

फाइलच्या नावाकडेही लक्ष द्या. नवा कॅमेरा पुन्हा ०००१ पासून मोजायला लागतो, आणि कंपनी तीच असेल तर नावंही जुन्या फोटोंसारखीच येतात. एकाच फोल्डरमध्ये टाकताना ‘रिप्लेस’ दाबलं की जुना फोटो गेला. बऱ्याच कॅमेऱ्यांत नावाची पहिली तीन अक्षरं बदलता येतात. पहिल्या क्लिकआधी ती बदलून घ्या.

आमच्याकडे येताना उरलेल्या लेन्स, बॅटऱ्या, एक रिकामं कार्ड आणि आवडत्या फोटोंच्या मूळ फाइल घेऊन या. काउंटरवरच्या बॉडीला तुमची लेन्स लावा, तुमच्याच कार्डावर फोटो काढा, ग्रिप हाताला बसते का बघा, आणि ते कार्ड घरी नेऊन मोठ्या स्क्रीनवर सावकाश बघा. त्याच दिवशी खरेदी केलीच पाहिजे असं काही नाही.