हॉकर सेंटर (सिंगापूर)

हॉकर सेंटर म्हणजे सिंगापूरमधील सार्वजनिक खाद्यसंकुल. मोठ्या छपराखाली ओळीने लावलेले ठेले, मध्ये सगळ्यांसाठी सामाईक टेबले आणि प्रत्येक ठेल्यावर मोजकेच पदार्थ, अशी त्याची रचना असते. बाजू बहुधा मोकळ्या असतात आणि डोक्यावर पंखे गरगरत असतात. ‘हॉकर’ म्हणजे फेरीवाला. इथला विक्रेता आता कुठेच फिरत नाही, पण नाव मात्र चिकटून राहिले. देशात अशी शंभराहून अधिक संकुले आहेत. १६ डिसेंबर २०२० रोजी युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्या यादीत गेलेली ही सिंगापूरची पहिलीच नोंद.

सिंगापुरात बाहेर खाणे ही चैन नाही, तो रोजचा व्यवहार आहे. याचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या स्थलांतरात सापडते. चीनमधले फूजियान, ग्वांगडोंग, हायनान, तसेच तमिळ प्रदेश, जावा अशा ठिकाणांहून पोटासाठी आलेल्यांत एकट्या पुरुषांचा भरणा मोठा होता. त्यांना घर नव्हते, म्हणून चूलही नव्हती. त्यांची भूक भागवली ती खांद्यावर कावड घेऊन फिरणाऱ्यांनी. सातेवाला, म्हणजे काडीला टोचलेले मांसाचे तुकडे विकणारा, कावडीच्या एका टोकाला कोळशाची शेगडी अडकवी आणि गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून काड्या भाजून देई. शेवया विकणारा बांबूचे दोन तुकडे एकमेकांवर आपटत गल्लीतून जाई. त्या आवाजावरून त्याच्या शेवयांनाच लोक ‘टॉक टॉक मी’ म्हणू लागले.

या रम्य चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. रस्त्यावर नळ नव्हता. एकाच बादलीतल्या पाण्यात दिवसभराच्या ताटल्या बुचकळल्या जात, खरकटे गटारात जाई, आणि पटकी व विषमज्वराची भीती कायम असे. वसाहतीच्या सरकारने १९५० मध्ये या प्रश्नावर चौकशी आयोग नेमला. खरे काम मात्र स्वातंत्र्यानंतर झाले. १९६८-६९ मध्ये बेटावरच्या सुमारे २४,००० फेरीवाल्यांची नोंदणी करून त्यांना परवाने दिले गेले. त्यानंतर १९७१ ते १९८६ या काळात त्यांना नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या नव्या संकुलांत हलवण्यात आले. अनेक शहरांनी फेरीवाल्यांना हुसकावून रस्ते स्वच्छ केले. सिंगापूरने त्यांना छप्पर दिले, आणि म्हणूनच त्यांचे पदार्थ वाचले. सक्तीच्या त्या स्थलांतरात कितीतरी जुन्या जागा आणि नेहमीची गिऱ्हाइके तुटली, हेही तितकेच खरे.

एका ठेल्याने एकाच पदार्थात आयुष्य घालवायचे, हा हॉकर परंपरेचा कणा आहे. हायनानी चिकन राइसचेच पाहा. वरवर हे उकडलेले कोंबडे आणि भात. अख्खे कोंबडे उकळीच्या जरा खालच्या तापमानाच्या पाण्यात मुरवत शिजवतात आणि बाहेर काढताच बर्फाच्या पाण्यात सोडतात. त्याने कातडी आवळते आणि तिच्याखाली रसाचा पातळसा जेलीसारखा थर धरतो. तांदूळ कोंबडीच्या चरबीत आले-लसणावर परतून त्याच पाण्यात पांदान या केवड्यासारख्या झाडाच्या सुवासिक पानांसह शिजवतात. लाकडी ओंडक्यावर सुऱ्याचे आठ-दहा घाव पडतात, तुकडे सुऱ्याच्याच पात्यावर उचलून काकडीवर ठेवले जातात, बाजूला मिरची-लसणाची आंबटसर चटणी आणि दाट सोया सॉस. ठेल्याची परीक्षा मांसावर नव्हे, भातावर होते. नुसता भात खाऊनही समाधान वाटले पाहिजे. मॅक्सवेल फूड सेंटरमधल्या या पदार्थाच्या ठेल्यांपुढे दुपारी लांबच लांब रांग लागते.

चार क्वे त्यावचे तंत्र याच्या उलट आहे. तांदळाच्या रुंद शेवया, अंडे, मोड, शिंपले आणि चिनी सॉसेज धगधगत्या कढईत गोडसर काळ्या सोया सॉसवर परततात. आच अशी लागते की शेवया करपायच्या बेतात येतात, पण करपत नाहीत. त्या धुरकट वासाला कँटोनी भाषेत ‘वोक हेइ’, म्हणजे कढईचा श्वास, म्हणतात. जाणकार ठेलेवाला हा पदार्थ एकेक प्लेट करूनच देतो, कारण चार जणांचे एकदम टाकले की कढई थंड पडते आणि तो श्वास हरवतो.

यांशिवाय लाक्सा (नारळाच्या दुधाच्या मसालेदार रश्श्यातल्या शेवया), हॉकियन मी (कोळंबी घालून परतलेल्या शेवया), मलय नासी लमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात), तमिळ मुस्लिमांचे रोटी प्राटा (पराठा) आणि मुर्तबाक (सारण भरलेला पराठा), इडली-तोसै (डोसा) असे सगळे थोड्याफार अंतरावर मिळते. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये बिर्याणी आणि प्राट्याचा जोर आहे, तर चायनाटाउन कॉम्प्लेक्स हे सर्वांत मोठ्या संकुलांपैकी एक असून तिथे शिजवलेल्या अन्नाचेच दोनशेहून अधिक ठेले आहेत. लाउ पा सात या संकुलाची अष्टकोनी ओतीव लोखंडी इमारत १८९४ची. संध्याकाळी तिच्या शेजारचा बून टॅट रस्ता वाहनांना बंद होतो आणि सात्याच्या शेगड्या पेटतात.

कॉफी मागणे ही इथे स्वतंत्र भाषाच आहे. नुसते ‘कोपी’ म्हटले तर आटवलेले गोड दूध घातलेली कॉफी येते. ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, ‘कोपी सी’ म्हणजे बिनगोड आटीव दूध आणि साखर घातलेली. पुढे ‘कोसोंग’ जोडले की साखर वजा, ‘सिउ दाइ’ म्हणजे साखर कमी, ‘गाउ’ म्हणजे कडक, ‘पेंग’ म्हणजे बर्फ घालून. एका वाक्यात हॉकियन, कँटोनी या चिनी बोलींतले आणि मलय शब्द शेजारी बसतात आणि ते ऐकणारा तमिळही असू शकतो. बिया साखर आणि मार्गारिनसह भाजतात, म्हणून रंग गडद येतो. आणि कॉफी कापडी पिशवीतून गाळतात.

इथले शिष्टाचार लिहिलेले नसले तरी पक्के आहेत. आधी जागा धरायची, मग रांगेत उभे राहायचे. टेबलावर टिश्यू पेपरचे पाकीट ठेवले की ती जागा आपली झाली. याला ‘चोप’ करणे म्हणतात. शिक्का या अर्थाच्या ‘चॉप’पासून हा शब्द आला असे मानले जाते, आणि ‘चॉप’चे मूळ आपल्या ओळखीच्या ‘छाप’मध्ये आहे. विक्रेत्याला वयानुसार ‘अंकल’ किंवा ‘आंटी’ म्हणतात. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. हलाल आणि इतर खाण्याचे ट्रे वेगळे असतात आणि ते परत ठेवायच्या जागाही वेगळ्या. ट्रे स्वतः उचलून ठेवणे १ सप्टेंबर २०२१पासून सक्तीचे झाले. पहिल्या वेळी लेखी ताकीद मिळते, दुसऱ्या वेळी ३०० सिंगापूर डॉलर दंड होऊ शकतो.

हॉकर सेंटरच्या वरची पायरी म्हणजे कोपीतियाम, अर्थात निवासी वसाहतींतल्या इमारतींच्या तळमजल्यावरचे कॉफीगृह. हायनानी लोक उशिरा आले, चांगले धंदे आधीच वाटले गेले होते, म्हणून त्यांनी इंग्रजांच्या घरांत आणि जहाजांवर स्वयंपाक केला आणि पुढे ही कॉफीगृहे काढली. त्यांतच ‘झी चार’ची, म्हणजे मागणीनुसार घरगुती चिनी पदार्थ रांधून देणारी, चूल असते. कुटुंबाने गोल टेबलाभोवती बसून मासे, टोफू, पालेभाजी मधोमध ठेवून वाटून खायची, ही रीत तिथली. सिंगापूरची ओळख ठरलेला चिली क्रॅबही अशाच साध्या सुरुवातीतून आला. १९५०च्या दशकात चेर याम तियान यांनी नवऱ्याच्या आग्रहावरून खेकडा वाफवण्याऐवजी टोमॅटो आणि मिरचीच्या सॉसमध्ये परतला, आणि समुद्राकाठच्या त्यांच्या ठेल्याचे पुढे रेस्टॉरंट झाले.

उंची रेस्टॉरंटांचे जग वरून वेगळे दिसते. किमतीपुढे १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि एका जेवणाचे बिल काही शे डॉलरांवर जाते. तरी तिथल्या अस्सल आशियाई स्वयंपाकाची मुळे घराघरांत आणि ठेल्यांवरच आहेत. माल्कम ली यांच्या कँडलनट या पेरानाकन रेस्टॉरंटला २०१६ मध्ये मिशेलिन तारा, म्हणजे मिशेलिन मार्गदर्शिका उत्तम स्वयंपाकासाठी देते तो मान, मिळाला; या पाकशैलीला मिळालेला तो पहिला. पेरानाकन म्हणजे चिनी पूर्वज आणि मलय संस्कार यांच्या मिश्रणातून घडलेला समाज. त्यांच्या ‘आयाम बुआह केलुआक’मधली काळी बी कच्ची असताना विषारी असते. ती राख-मातीत पुरून मुरवावी लागते आणि नंतर दिवसेंदिवस पाणी बदलत भिजवावी लागते. इतके कष्ट ज्या पदार्थामागे आहेत, त्याला पांढऱ्या कापडाच्या टेबलाची गरज कधीच नव्हती. ‘लॅबिरिंथ’सारखी रेस्टॉरंटे तर हॉकर पदार्थच मोडून नव्या रूपात मांडतात.

त्याच २०१६ सालच्या पहिल्या सिंगापूर मिशेलिन मार्गदर्शिकेने दोन ठेल्यांनाही प्रत्येकी एक तारा दिला. एक होता हिल स्ट्रीट ताइ ह्वा पोर्क नूडल, दुसरा चान हॉन मेंग यांचा सोया सॉस चिकनचा ठेला. चान यांची प्लेट तेव्हा सुमारे २ डॉलरना मिळे. त्या ठेल्याचा तारा २०२१ मध्ये गेला, पण ठेल्यावरचे अन्नही त्याच तराजूत तोलता येते हे तोवर जगाने पाहिले होते.

या स्वस्ताईचा भार कोण उचलतो, हा आजचा खरा प्रश्न आहे. चार-पाच डॉलरच्या प्लेटसाठी गिऱ्हाईक कुरकुरते, तर रेस्टॉरंटात त्याच शेवयांना चौपट पैसे बिनतक्रार देते. रस्त्यावरून आलेल्या पहिल्या पिढीला भाड्यात सवलत होती, पण नव्याने येणाऱ्याला निविदा भरून ठेला घ्यावा लागतो. पहाटेपासून धगीपुढे उभे राहण्याचे हे काम, त्यामुळे शिकलेली मुले त्यात येत नाहीत. हॉकरांचे मध्यक वय साठीच्या आसपास पोहोचले आहे. सरकारने नवशिक्यांसाठी कमी भाड्याचे प्रायोगिक ठेले आणि निवृत्त होणाऱ्यांसाठी वारसदार योजना काढली. तिच्यात जुना हॉकर रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसालाही हाताखाली घेऊन पाककृती शिकवतो आणि ठेला त्याच्या हवाली करतो. पाककृती कागदावर उतरते, पण भातात पाणी किती आणि कढई किती तापली की शेवया टाकायच्या, हे शिकायला त्या अरुंद ठेल्यात महिनोन्‌महिने खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागते.