ओश्कीच्या भिंतीत चुना आहे

समज असा: जॉर्जियातली मध्ययुगीन चर्च चुना न वापरता, नुसते दगड एकमेकांत बसवून बांधली.

उदाहरण ओश्कीचं घेऊ. ९६३ ते ९७३ या काळात उभं राहिलेलं हे भग्न चर्च जुन्या जॉर्जियन ताओ प्रांतातलं, आज तुर्कस्तानच्या एर्झुरुम भागात आहे. दर्शनी घडीव दगड इतके चपखल बसलेत की सांध्यात चुना दिसतच नाही. आपल्याकडची हेमाडपंती देवळं खरोखर बिनचुन्याची, त्यामुळे गैरसमज साहजिक आहे.

पण भिंत तीन थरांची आहे. आत-बाहेर घडीव दगडांचं आवरण, मध्ये चुन्यात घट्ट बसवलेले ओबडधोबड दगड. भार मुख्यतः हा गाभाच पेलतो. म्हणून गावकऱ्यांनी घरांसाठी दर्शनी दगड काढून नेल्यावरही अशा भिंती उभ्या राहतात.

पडताळणीसाठी फोटोत अखंड भिंत पाहू नका, तुटलेली कड पाहा. दगड निखळलेल्या जागी करडा-पांढरा खडबडीत गाभा आणि त्यात निघालेल्या दगडांचे ठसे दिसतात. (व्हिनेगर टाकून फेस बघण्याची युक्ती भरवशाची नाही, चुनखडीचा दगडही फेसाळतो. वास्तूवर तर ती करूच नये.)

हा फरक दुरुस्तीत फार महत्त्वाचा आहे. छप्पर गेलं की पाणी गाभ्यात मुरतं, चुना धुपतो, हिवाळ्यात पाणी गोठून फुगतं आणि दर्शनी दगड बाहेर ढकलले जातात. तिथे सिमेंट भरलं तर ओल आतच कोंडते. आधी वरून पाणी अडवावं, मग चुन्यानेच भरावं.