एकल जीवन आणि सामाजिक वर्ग, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विवाह न करता, तो लांबवून किंवा घटस्फोट व वैधव्यानंतर एकट्याने राहणाऱ्यांचे प्रमाण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाढत गेले. एकाच व्यक्तीची घरे १९६० मध्ये सुमारे १३ टक्के होती, ती २०२० च्या जनगणनेत २७.६ टक्के भरली. या आकड्यात एकट्या राहणाऱ्या विधवा येतात, विवाहाविना जोडीदारासह राहणारे येत नाहीत. म्हणून त्यावरून अविवाहितांचा अंदाज बांधू नये.

बदलाचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. गर्भनिरोधक गोळीला मिळालेली मान्यता (१९६०) आणि कोणा एकावर दोष न ठेवता घटस्फोट देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा (संमत १९६९, लागू १९७०) यांच्याकडे सामान्यतः बोट दाखवले जाते. परंतु पुरुषांचे प्रथमविवाहाचे मध्यक वय (ज्याच्या आत निम्म्यांचे पहिले लग्न होते ते) १८९० मध्येही २६ च्या आसपास होते. १९५६ मध्ये ते २२.५, तर स्त्रियांचे २०.१ इतके उतरले. लवकर लग्नाचे १९५० चे दशक हाच अपवाद होता, हे इतिहासकार स्टेफनी कून्ट्झ यांचे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. आता ही वये पुरुषांत ३० च्या, स्त्रियांत २८ च्या पुढे गेली आहेत.

खरी दरी वर्गाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पदवीधर स्त्रियांत अविवाहित राहणाऱ्या अधिक असत. आज चित्र उलटे आहे. २०२१ मध्ये चाळीस वर्षे वयाच्या अमेरिकनांपैकी २५ टक्क्यांचा विवाह कधीच झालेला नव्हता (१९८० मध्ये ६ टक्के). शालान्त किंवा त्याहून कमी शिक्षण असलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३३, पदवीधरांत १८ टक्के होते. कृष्णवर्णीयांत ४६ टक्के. पदवीधर विवाह पुढे ढकलतात, पण बहुतेक जण पुढे तो करतात. कामगार वर्गात मात्र विवाहच दुरावत चालला आहे.

याच्या कारणांवर दीर्घ वाद झाला. डॅनियल मॉयनिहन यांच्या १९६५ च्या सरकारी अहवालाने कृष्णवर्णीय कुटुंबाच्या विस्कळीतपणाचा संबंध गुलामगिरी व बेकारीशी जोडला. पीडितांवरच ठपका ठेवल्याची टीका त्यावर झाली. लेखक चार्ल्स मरे यांनी १९८४ मध्ये गरिबांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याला जबाबदार धरले. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९८७ मध्ये, कारखाने गेल्याने नियमित कमाई असलेले पुरुषच कमी उरले, असे प्रतिपादन केले. साहाय्याचे वास्तव मूल्य १९७० नंतर घटत असतानाही विवाहबाह्य जन्म वाढले आणि पुढे गोऱ्या कामगारांतही तेच दिसू लागले. यावरून विल्सन यांचे विवेचन अधिक टिकाऊ ठरते. केवळ रोजगाराने सर्व उलगडा होतो, असे मात्र नव्हे. समाजशास्त्रज्ञ कॅथरीन एडिन व मारिया केफालस यांना फिलाडेल्फिया परिसरातील गरीब मातांत विवाहाविषयी अनास्था आढळली नाही. उलट, घर आणि स्थिर मिळकत नसताना विवाह करणे त्यांना अनुचित वाटे. समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांच्या मते विवाह आता संसाराचा पाया न राहता कळस झाला आहे. ज्यांच्या हाती भिंतीच उभ्या राहत नाहीत, त्यांच्या बाबतीत हे विधान विशेष लागू पडते.

कायद्याने विवाहितांना अनेक सवलती दिल्या. १९४८ पासून पतिपत्नींना संयुक्त प्राप्तिकर विवरणाचा लाभ मिळाला. एकट्यांवरील जादा भार १९६९ च्या सुधारणेने कमी केला. सामाजिक सुरक्षा या सरकारी निवृत्तिवेतन योजनेत पतीच्या कमाईवर आधारलेला पत्नीचा हिस्सा १९३९ पासून आहे. घटस्फोटितेला त्यासाठी किमान दहा वर्षांचा विवाह दाखवावा लागतो. आजन्म अविवाहित स्त्रीला केवळ स्वतःच्या कमाईवर आधारलेले निवृत्तिवेतन मिळते.