सुटण्याची जागा: इंग्रजी क्रियापदं आणि अपादान

चोरानं माणसाकडून पैसे घेतले. घटना एकच, पण इंग्रजीत ती सांगायला दोन क्रियापदं आहेत आणि त्यांची वाक्यं उलटसुलट बांधली जातात. 'स्टील' घेतलं तर 'स्टील मनी फ्रॉम अ मॅन'. 'रॉब' घेतलं तर 'रॉब अ मॅन ऑव्ह मनी'. एकात चोरली जाते ती वस्तू, दुसऱ्यात लुटला जातो तो माणूस. एकाला 'फ्रॉम' चालतं, दुसऱ्याला 'ऑव्ह'च लागतं.

कोणत्या क्रियापदाला कोणतं प्रेपोझिशन लागतं, याच्या याद्या पाठ करायला सांगतात. मीही त्या पाठच केल्या होत्या. 'सफर फ्रॉम', 'डिप्राइव्ह ऑव्ह', 'प्रिव्हेंट फ्रॉम', 'क्युअर ऑव्ह'. या याद्यांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, हे मला फार उशिरा कळलं, आणि ते कळलं संस्कृत व्याकरण वाचताना.

पाणिनीचं सूत्र आहे: 'ध्रुवमपायेऽपादानम्'. दोन गोष्टी एकमेकींपासून दूर होताना त्यांतली जी स्थिर राहते ती अपादान, आणि तिला पंचमी. झाडावरून पान पडतं तेव्हा झाड ध्रुव. पण 'स्थिर' म्हणजे हालचाल नसलेलं असं नव्हे. परंपरेतलं एक सुंदर उदाहरण आहे, 'धावतोऽश्वात् पतति', म्हणजे धावत्या घोड्यावरून पडतो. घोडा भरधाव पळतोय, तरी तो ध्रुव, कारण पडण्याच्या क्रियेपुरता सुटण्याचा बिंदू तोच. ध्रुवत्व घोड्यात नाही, आपण ती घटना कशी पाहतो त्यात आहे.

याच्या पुढची सात सूत्रं वाचताना मी थक्क झालो. पाणिनी तिथे क्रियापदांचे गटच सांगतो. भिणं आणि रक्षण करणं; एखादी गोष्ट सहन न होऊन मागे हटणं; अडवणं; कुणाच्या नजरेपासून लपणं; गुरूकडून शिकणं; एखाद्या मूळ द्रव्यापासून जन्मणं; आणि नदीसारखं कुठून तरी उगम पावणं. आता इंग्रजी क्रियापदं शेजारी ठेवू. 'प्रोटेक्ट फ्रॉम', 'श्रिंक फ्रॉम', 'प्रिव्हेंट फ्रॉम', 'हाइड फ्रॉम', 'लर्न फ्रॉम', 'बॉर्न ऑव्ह', 'राइज फ्रॉम'. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी संस्कृतसाठी केलेली ही वर्गवारी इंग्रजीच्या यादीवर जवळजवळ तशीच बसते.

पतंजली तर आणखी पुढे गेला. ही सात सूत्रं नसली तरी चालेल, असं तो पाणिनीच्या सूत्रांवरच्या आपल्या महाभाष्यात म्हणतो. लांडग्याला भिणारा माणूस आधी मनानं लांडग्यापर्यंत जातो, संकट ओळखतो आणि मनानंच मागे फिरतो. पाय जागचे हललेले नसले तरी दूर होणं घडलेलंच असतं, मग वेगळा नियम कशाला? ठोस जागेतली हालचाल आपण अमूर्त विचारांवर चढवतो, हे आजचे भाषाशास्त्रज्ञ ज्या आग्रहानं सांगतात, ते या युक्तिवादात स्पष्ट दिसतं. 'प्रिव्हेंट हिम फ्रॉम गोइंग' या वाक्यात कुणी कुठून निघालेलंच नाही. तरी 'फ्रॉम' येतं, कारण जाण्याच्या दिशेनं निघालेलं मन तिथून वळवलं गेलं.

सुटण्याच्या या एका कल्पनेचे प्रत्येक भाषा आपापल्या परीनं तुकडे करते. मराठीत झाडावरून, खोलीतून, मित्राकडून, भिंतीपासून, अशी पंचमी वेगवेगळी रूपं घेते. इंग्रजीत पृष्ठभाग सुटला तर 'ऑफ', बंदिस्त जागा सुटली तर 'आउट ऑव्ह', आणि नुसता बिंदू सांगायचा तर 'फ्रॉम'. आपल्या 'कडून'साठी मात्र तिथे वेगळा शब्द नाही, तेही काम 'फ्रॉम'वरच पडतं. 'फ्रॉम'चा पसारा इतका मोठा असण्याचं हे एक कारण.

मग 'ऑव्ह' कुठून आलं? एका एफचं 'ऑव्ह' आणि दोन एफचं 'ऑफ' हे मुळात एकच शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'पासून दूर' असाच होता. वाक्यात जिथे आघात पडे तिथे उच्चार ठसठशीत राहिला आणि त्याचं 'ऑफ' झालं. जिथे आघात नव्हता तिथे तो मऊ पडला, एफचा उच्चार 'व्ह' झाला आणि 'ऑव्ह' उरलं. लेखनातही त्यांची फारकत व्हायला सतरावं शतक उजाडलं.

या शब्दाचं मूळ आपल्या ओळखीचं आहे: संस्कृत 'अप', ग्रीक 'अपो', लॅटिन 'अब', जर्मन 'अब'. जर्मानिक शाखेत मूळच्या 'प'चा 'फ' झाला, म्हणून इंग्रजीत 'ऑफ'. अपहरण, अपसरण, अपभ्रंश या शब्दांतला 'अप' आणि 'फॉल ऑफ'मधला 'ऑफ' ही एकाच मुळाची रूपं आहेत. खुद्द 'अपादान' हा शब्दही अप, आ आणि दा मिळून झालेला, म्हणजे 'काढून घेणं'. रोमन वैयाकरणांनी आपल्या विभक्तीला 'अब्लाटिव्हुस' म्हटलं, त्याचा अर्थ 'दूर नेलेलं' आणि त्यातही सुरुवातीला तोच 'अब'. दोन परंपरांनी नाव ठेवताना एकाच मुळातला उपसर्ग उचलला, याचा मला फार आनंद होतो. 'आउट'चं नातंही असंच आहे, ते उद्गम आणि उत्पत्तीतल्या 'उद्'शी.

'फ्रॉम'ची गोष्ट याहून रंजक. त्याचा मूळ अर्थ 'पुढे'. तो आपल्या 'प्र'चा नातलग, प्रस्थान आणि प्रयाणातल्या 'प्र'चा. नॉर्वेजियन भाषेत 'फ्राम' म्हणजे आजही 'पुढे'. नॉर्वेचा संशोधक नॅन्सेन यानं 1893 मध्ये उत्तर ध्रुवाच्या मोहिमेवर नेलेल्या जहाजाचं नाव हेच होतं, आणि पुढे अमुंडसेन दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघाला तोही त्याच जहाजातून. जो पुढे निघाला तो मागचं सोडून निघाला. नजर वाटेवरून मागच्या जागेकडे वळली की 'पुढे'चं 'पासून' होतं. इंग्रजीत नेमकं तेच घडलं.

1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन फ्रेंचांचं राज्य आलं. फ्रेंचमधलं 'द' हे 'चा-ची-चे' आणि 'पासून' अशी दोन्ही कामं करतं. इंग्रजीतले जुने विभक्तिप्रत्यय त्या काळात झिजत चाललेच होते. फ्रेंचच्या वजनाखाली 'ऑव्ह' हळूहळू षष्ठीचं काम करू लागलं आणि 'पासून'चा बराचसा भार 'फ्रॉम'कडे गेला. पण काही क्रियापदांजवळ 'ऑव्ह' आपला जुना अर्थ धरून राहिलं: 'रॉब', 'डिप्राइव्ह', 'स्ट्रिप', 'क्युअर', 'रिड', 'रिलीव्ह'. भीतीच्या वाक्यातही ते टिकलं, म्हणून 'अफ्रेड ऑव्ह'. इथे 'ऑव्ह'चा अर्थ 'चा' असा लावू गेलं तर काहीच हाती लागत नाही. 'पासून सुटका' असा लावला की वाक्य उलगडतं.

या गटाला आणखी एक शिस्त आहे. 'क्लिअर' हे क्रियापद दोन्ही बाजूंनी चालतं. 'क्लिअर स्नो फ्रॉम द रोड' म्हटलं तर थोडा बर्फ शिल्लक असला तरी चालेल. 'क्लिअर द रोड ऑव्ह स्नो' म्हटलं की रस्ता अख्खा मोकळा झाला असं वाटतं. जे क्रियापदाला लगेच लागून येतं त्याच्यावर क्रियेचा पूर्ण परिणाम झाला, असं इंग्रजी कान समजतो. म्हणून 'फ्रॉम'च्या वाक्यात लक्ष वस्तूवर असतं आणि 'ऑव्ह'च्या वाक्यात ती गमावणाऱ्यावर. 'स्टील'ला पैशाची कथा सांगायची असते, 'रॉब'ला माणसाची. 'क्युअर'ही रोगाची नव्हे, रोग्याची कथा सांगतं.

काही जोड्या मराठी माणसाला सहज उमजाव्यात. टेबल लाकडाचं असतं, कागद लाकडापासून होतो. इंग्रजीतही टेबल 'मेड ऑव्ह वुड' आणि कागद 'मेड फ्रॉम वुड'. मूळ द्रव्य डोळ्यांना दिसत राहिलं तर षष्ठी, रूप पालटलं तर पंचमी, आणि ही वाटणी दोन्ही भाषांत सारखी. अडचण येते ती मरणाच्या वाक्यात. आपण 'रोगानं मेला' म्हणतो, म्हणजे तृतीया. इंग्रजीला रोग हे साधन वाटत नाही, उगम वाटतो, म्हणून 'डाय ऑव्ह' किंवा 'डाय फ्रॉम'. रोगाला 'ऑव्ह' आणि जखमेला 'फ्रॉम' असा कल दिसतो, पण तो पक्का नियम नव्हे.

लॅटिनमधून आलेल्या क्रियापदांनी तर दूर जाणं पोटातच आणलेलं असतं. 'अ‍ॅब्स्टेन', 'डिव्हिएट', 'एक्स्ट्रॅक्ट', 'इमर्ज' यांचे उपसर्ग मुळात 'पासून' किंवा 'बाहेर' असंच सांगतात, आणि तरी इंग्रजी वर 'फ्रॉम' लावते. 'डिराइव्ह'मध्ये तर नदी आहे: 'दे' म्हणजे पासून, 'रीवुस' म्हणजे ओढा. प्रवाहाला पाट काढणं हा त्याचा मूळ अर्थ. 'एस्केप'मध्ये अंगरखा आहे. पकडणाऱ्याच्या हाती अंगावरचं वस्त्र सोडून निसटणं, हे त्याच्या मुळाशी असलेलं चित्र. त्यातही एक बारकावा उरतोच. 'एस्केप फ्रॉम प्रिझन' म्हणजे आत होता आणि बाहेर पडला, पण 'एस्केप डेथ' म्हणजे तावडीत सापडलाच नाही. 'एस्केप'जवळ 'फ्रॉम' असेल तर आधी आत असावं लागतं.

लॉरा लकुस्टा आणि बार्बरा लँडाउ यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुलांना आणि मोठ्यांना हालचालीचे प्रसंग दाखवून त्यांचं वर्णन करायला सांगितलं होतं. वस्तू कुठे पोचली हे लोक आवर्जून सांगत, कुठून निघाली हे बऱ्याचदा गाळत. माणसाचं लक्ष मुक्कामाकडे असतं, उगम मागे पडतो.

आणि तरीही 'फ्रॉम' एकदा हाती लागलं की मूल त्याला कुठवर ताणेल सांगता येत नाही. ईव्ह क्लार्क आणि कॅथी कार्पेंटर यांनी 1989 मध्ये दाखवून दिलं की इंग्रजी शिकणारी लहान मुलं कर्त्यालाही 'फ्रॉम' लावतात. मोठ्यांच्या भाषेत जिथे 'बाय' हवं, तिथे 'ब्रोकन फ्रॉम मी' अशा धर्तीची वाक्यं ती बनवतात. आजूबाजूचं कुणी असं बोलत नसतं. क्रिया ज्याच्यापासून निघाली तो तिचा उगम, एवढ्याच तर्कानं ती तिथे पोचतात. इंग्रजीत ही चूक म्हणून दुरुस्त केली जाते. मराठीत तेच मूल म्हणालं असतं, 'माझ्याकडून फुटलं', आणि कुणालाच त्यात काही दुरुस्त करावंसं वाटलं नसतं.